काडीचा गुण

सासरेबुवांच्या पाईपमध्ये एक काडी होती आणि सासरेबुवांच्या बोलण्यात तिच्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

काडी म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. पाईपची तोंडात धरायची काळी दांडी पिळून तंबाखू भरायच्या लाकडापासून सोडवली, की तिच्या टोकात खोचलेली, बोटाच्या पेराएवढी ॲल्युमिनियमची एक नळी दिसायची. पुढून चपटी, कडेला चिरा पाडलेली. पाईपच्या खोक्यातल्या कागदावर तिचं नाव स्टिंगर असं छापलेलं होतं. धूर या थंड धातूवर आपटतो, त्यातला ओलावा आणि डांबर तिथेच अडतं आणि ओढणाऱ्याला गार, कोरडा धूर मिळतो, असंही त्या कागदावर होतं. कंपनीला पाईप खपवायचे होते, तिनं लिहिलं. सासरेबुवांना काहीच खपवायचं नव्हतं, तरी त्यांनी ते तोंडपाठ केलं आणि वर पदरची भर घातली, की काडीमुळे धूर इतका शुद्ध होतो की शेजारी तान्हं मूल झोपलं तरी त्याला बाधत नाही.

हे ते रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत बसून सांगत. त्याच खोलीत, खिडकीशी, त्यांच्या नातीची खाट होती. आतल्या खोलीच्या भिंतीला ओल होती आणि स्वयंपाकघरात खाट मावत नव्हती, म्हणून चार वर्षांची पोरगी तिथे झोपायची. म्हणजे पडून राहायची. झोप लागेपर्यंत तिचा खोकला चालायचा आणि झोप लागली की छातीतली घरघर.

सून धुलाईच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढायचे आणि घरी येऊन सासऱ्यांच्या अकलेचे तारे मोजायचे, असा तिचा दिनक्रम होता. तोंडावर ती त्यांना बाबा म्हणायची. मनातल्या मनात काय काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नोकरीत असताना सासरेबुवा वजनमापांचे तपासनीस होते. दुकानदारांच्या तराजूखाली वाकून बघायचं, वजनांवर शिक्का मारायचा आणि जाताना दोन शब्द सुनवायचे. नोकरी संपली, वाकून बघणंही संपलं, सुनवणं तेवढं उरलं. भाजी निवडायची कशी, दाराची कडी लावायची कशी, पोरीनं श्वास घ्यायचा कसा, सगळ्यावर त्यांचं मत ठरलेलं असे आणि ते एकदा दिलं की त्यावर शिक्का बसलाच म्हणून समजा. पँटला इस्त्री कडक, केसांना तेल चोपडलेलं, खुर्ची दिव्याखालची. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं त्यांना खपत नसे.

पाईप येण्याआधी ते सिगारेट ओढत. सासूबाईंना खोकला लागला तेव्हा डॉक्टरांनी घरात सिगारेट बंद करायला सांगितलं. सासरेबुवांनी सिगारेट बंद केली, त्याचा गाजावाजा केला आणि दुसऱ्याच दिवशी पाईप आणला. काडीवाला. "तुझ्या सासूसाठी मी सिगारेट सोडली," हे वाक्य सुनेनं लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की ते सुरू झालं की ती पुढचं मनातल्या मनात पुरं करून मोकळी व्हायची. सासूबाई पुढे खोकत खोकतच गेल्या. त्यांचं वयही झालं होतं, असं घरात सगळे म्हणत, आणि वयावर ढकललं की बोलायला काही उरत नाही.

सासूबाईंच्या मागे काडी साफ करायचं काम वारसाहक्कानं सुनेकडे आलं. ज्या वस्तूचे एवढे गोडवे गायचे तिला सासरेबुवा स्वतः कधी बोट लावत नसत. रोज सकाळी दांडी पिळायची, चिमट्यानं काडी ओढायची, नाही निघाली तर काडेपेटीची काडी ओढून जरा शेकायची, मग स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन मोरीत बसायचं. चिरांमधून काळपट, चिकट, पिवळ्या कडेचा एक लगदा निघायचा. त्याचा वास बोटांना असा धरायचा, की दुकानातला मुकादम तिला म्हणायचा, ताई, तुम्ही घरी बिडीचा कारखाना काढलाय काय. ती हसण्यावारी न्यायची. दुसरं करणार काय.

त्या लगद्याकडे रोज बघून बघून काडीचा खरा उपयोग तिला कळून चुकला होता. उपयोग होता, नाही असं नाही. सासरेबुवांची लाळ पाईपमध्ये उतरायची ती काडीवर अडायची आणि परत सासरेबुवांच्या तोंडात जात नसे. एवढंच. बाकी धूर होता तसाच होता. आणि पाईपच्या तोंडातून जो धूर थेट खोलीत निघायचा, त्याची तर काडीशी कधी भेटच होत नव्हती. हे कळायला शास्त्र शिकावं लागत नाही, डोळे उघडे ठेवावे लागतात. पण सासरेबुवा ओढताना डोळे मिटून घेत.

तिनं सांगून बघितलं होतं. हळू सांगितलं, स्पष्ट सांगितलं, डॉक्टरांचं नाव घेऊन सांगितलं, की पोरीच्या छातीला धूर चालणार नाही, तेवढं बाहेर गॅलरीत बसत जा. गॅलरी म्हणजे जिन्यासमोरचा सामायिक व्हरांडा. तिथे वारा असतो आणि वाऱ्यात पाईप नीट पेटत नाही, म्हणून ते साहेबांना जमणारं नव्हतं. शिवाय तिथे श्रोते कुठले. "अगं, काडी आहे ना," ते म्हणत आणि पुन्हा ओलावा, डांबर, थंड धातू, सगळं पहिल्यापासून सुरू.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणे, बाबांचं वय झालंय, जाऊ दे. हा नवरा बस डेपोत वेळापत्रकं करायचा. शंभर बसगाड्या कुठून कुठे जाव्यात हे त्याला ठरवता येई, पण एक बाप दिवाणखान्यातून गॅलरीत न्यायचा म्हटलं की त्याचे हातपाय गळत. स्वभावानं वाईट नव्हता. वाईट असता तर निदान भांडता आलं असतं. हा मूग गिळून बसायचा आणि पोरगी खोकायला लागली की उठून खिडकी उघडायचा, आणि सासरेबुवा म्हणत, वारा लागेल तिला, बंद कर.

एका रात्री पोरीला असा ठसका लागला की ती निळी पडायची वेळ आली. वाफ देऊन, पाठ चोळून कशीबशी शांत झाली. सकाळी सून नेहमीसारखी मोरीत बसली. काडी घासली, पुसली आणि दांडीत बसवायला घेतली, पण रागाच्या भरात ती वाकडीच जात होती, बसेना. मग तिनं प्रयत्नच सोडला. काडी तिनं शिवणाच्या डब्यात टाकली, दांडी तशीच रिकामी लाकडात खोचली आणि पाईप जागच्या जागी ठेवून कामाला गेली.

संध्याकाळी ती वाट बघत होती, की आता हाक येईल. आता कळेल. सासरेबुवांनी पाईप भरला, पेटवला, डोळे मिटले, दोन झुरके घेतले आणि म्हणाले, "सूनबाई, आज काडी झकास साफ केलीस. धूर बघ कसा गार येतोय."

ती स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाशी धरून हसली. इतक्या वर्षांत त्या पाईपनं तिला दिलेलं तेवढं एकच सुख. त्यानंतर रोज ती दांडी साफ करायची, रिकामीच बसवायची आणि रोज संध्याकाळी काडीचं गुणगान ऐकायची. ज्या माणसाला आपल्या पाईपात काडी आहे की नाही हे कळत नाही, तो काडीवर व्याख्यान देतो! तिला त्यांचा राग येईनासा झाला, नुसती तुच्छता उरली. तुच्छतेचं एक बरं असतं, ती करताना थकायला होत नाही. पोरीचा खोकला काडी असताना होता तेवढाच काडी नसताना होता, हेही तिनं नीट लक्ष ठेवून बघितलं. आता फक्त योग्य वेळ बघून हे सगळ्यांसमोर ठेवायचं, सासरेबुवांना तोंड लपवायला जागा उरणार नाही आणि पाईप मुकाट्यानं गॅलरीत जाईल, असा तिचा हिशेब होता. लोकांसमोर उघडं पडल्यावर माणूस सुधारतो असं तिला वाटत असे. तिचं वय लहान होतं.

वेळ आली ती कंपाउंडरच्या जावयाच्या रूपानं. कंपाउंडर हे सासरेबुवांचे खालच्या मजल्यावरचे मित्र. एका दवाखान्यात जन्मभर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, त्या जोरावर इमारतीत त्यांना अर्धे डॉक्टर समजत आणि ते स्वतःला पाऊण समजत. सासरेबुवांची री ओढायला रोज यायचे. त्या दिवशी बरोबर जावई होता. नवाकोरा पाईप, नवाकोरा कोट आणि पाईप ओढायला लागून फार दिवस न झालेल्या माणसाचा तो सगळा आव. कुणी विचारलं नसताना त्यानं सांगितलं, की काडी म्हणजे शुद्ध भंगार आहे. त्यानं तर पहिल्याच दिवशी पकडीनं उपटून फेकून दिली. ओढायला जड जातं, मध्येच गुरगुर आवाज येतो, साफ करायची तार आत जात नाही, आणि तंबाखूची चव मरते ती वेगळीच.

सासरेबुवा खुर्चीत सरसावून बसले. तंबाखूचा दर्जा हलका असेल, म्हणाले. जावई म्हणाला, दर्जाचा काय संबंध, ती काडी फक्त थुंकी गोळा करते. सुनेला क्षणभर त्याचा फार आदर वाटला. मग तिनं बघितलं तर बोलता बोलता त्यानंही आपला पाईप शिलगावला होता. आता खोलीत दोन पाईप. एक म्हणे काडीनं धूर सुधारतो, दुसरा म्हणे बिघडतो, आणि दोघं मिळून खोली कोंदट करत होते. खाटेवरून खोकला आला तसा कंपाउंडर आवाज चढवून म्हणाले, की वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनं काडी असलेली बरी. नवरा उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. उघडली मात्र नाही.

"हे बघा," सासरेबुवा म्हणाले, "हातच्या कांकणाला आरसा कशाला. आज दिवसभरात काडीवर काय साठलंय ते दाखवतो. मग बोला." त्यांनी पाईप घेतला, दोन्ही हातांनी दांडी पिळली आणि जावयाच्या नाकासमोर धरली.

दांडीचं टोक रिकामं होतं.

सासरेबुवांनी दांडी उलटी केली. आत डोळा लावून बघितलं. लाकडाच्या भोकात करंगळी घालून बघितली. जावई खदखदून हसला. कंपाउंडर तंबाखूच्या पुडीत बघत बसले. आणि सून पुढे झाली. कित्येक दिवस मनात घोकलेलं वाक्य तिनं अगदी शांतपणे म्हटलं, की काडी तिनं काढून ठेवली आहे, आठवडा होऊन गेला, आणि बाबा रोज म्हणताहेत धूर गार आहे.

तिच्या हिशेबाप्रमाणे आता सासरेबुवांनी मान खाली घालायला हवी होती. पण जन्मभर दुसऱ्याचे तराजू तपासलेला माणूस तो, स्वतःचं पारडं कसं जड करायचं हे त्याला पुरतं माहीत होतं. ते तिच्याकडे वळले आणि फार दुखावलेल्या आवाजात, एकेक शब्द तोलून म्हणाले, "म्हणजे आठवडाभर माझी नात उघड्या धुरात झोपतेय. तरीच म्हटलं खोकला का वाढलाय."

खोकला वाढला नव्हता. खोकला तेवढाच होता. पण ते कोण बघतो? कंपाउंडरनी लगेच मान डोलावली, की हो, परवापासून जिन्यात ऐकू येतोय खरा. जावईसुद्धा हसायचा थांबला आणि आता हे घरगुती प्रकरण आहे असा चेहरा करून आढ्याकडे बघू लागला. सुनेनं नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीपाशीच होता. "अगं," तो म्हणाला, "काढायची होती तर निदान सांगायचं तरी. पोरीच्या जिवाशी खेळ कशाला?"

बाकी सगळं तिनं सोसलं असतं. हे नाही सोसलं. पोरीचं सगळं आजारपण उचलून तिच्याच डोक्यावर ठेवलं होतं, आणि ते ठेवणाऱ्यांत पोरीचा बाप होता. ती रडेल असं सगळ्यांना वाटलं असावं, कारण सासरेबुवांनी आवाज मऊ केला आणि म्हणाले, असू दे, असू दे, झालं ते झालं, आण ती काडी.

तिनं आणली. शिवणाच्या डब्यातून काडी काढली, त्यांच्या हातातून दांडी घेतली, काडी नीट दाबून बसवली, दांडी लाकडात पिळून पक्की केली. पाईपमधली तंबाखू अजून धुमसत होती. पाईप तिनं त्यांच्या हातात दिला. मग ती खाटेपाशी गेली, पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि सासरेबुवांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"काडी बसवलीय बाबा," ती म्हणाली. "आता धूर बाधत नाही ना? मग एक झुरका घ्या आणि हिच्या तोंडावर सोडा."

पोरीला वाटलं आजोबा काहीतरी गंमत करणार. तिनं हनुवटी वर केली, डोळे घट्ट मिटले, गाल फुगवले आणि वाट बघत राहिली. सुनेचा एक हात पोरीच्या पाठीशी होता आणि दुसरा तिनं पोरीच्या तोंडाशी आणून ठेवला होता, कारण हा माणूस हट्टाला पेटून खरंच धूर सोडेल अशी तिला भीती वाटत होती. तो इतका मूर्ख आहे अशी तिची इतक्या वर्षांची खात्री होती.

सासरेबुवांनी पाईप तोंडात धरला. झुरका घेतला, चांगला लांब. चार माणसं बघत होती, माघार कशी घेणार. गाल भरले. पोरीचे मिटलेले डोळे आणि त्यांचं तोंड यांत हातभराचं अंतर होतं. ते तसेच थांबले. चेहरा लाल होत गेला, डोळ्यांत पाणी आलं, नाकपुड्या थरथरल्या, पण धुराची एक रेघ त्यांनी बाहेर येऊ दिली नाही. मग खुर्ची मागे ढकलून ते उठले. गाल तसेच फुगलेले, ओठ दाबलेले, कंपाउंडरच्या गुडघ्यांना ठेचकाळत ते दारापाशी पोचले, दार उघडून बाहेर गेले आणि पाठीमागे दार ओढून घेतलं. त्यानंतर गॅलरीतून त्यांच्या खोकण्याचा आवाज आला.

नवऱ्यानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि चला, मिटलं एकदाचं, असं काहीतरी पुटपुटला. खरंच मिटलं होतं. तिला हवं होतं ते झालं होतं, पाईप गॅलरीत गेला होता. ती पोरीला घेऊन तशीच दाराकडे बघत उभी राहिली. दाराखाली बोटभर फट होती आणि फटीतून गॅलरीतल्या दिव्याचा उजेड आत येत होता. त्या उजेडात सासरेबुवांची पावलं हलली. मग बाहेरचं पायपुसणं सरकत आलं. त्यांनी पायानं ते दाराशी लोटलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फटीत दाबून बसवलं आणि एका कोपऱ्यात उजेड राहिला होता तोही टाचेनं बुजवला.

हे काम त्यांनी फार नीट केलं. धूर कुठून शिरतो, कुणाला बाधतो, तो अडवायचा कसा, सगळं या माणसाला ठाऊक होतं. आज कळलेलं नव्हतं, आधीपासून ठाऊक होतं. सासूबाई याच खोलीत खोकत होत्या तेव्हाही ठाऊक होतं. ती त्यांना मूर्ख समजत आली होती, आणि मूर्ख माणसाबरोबर एका घरात राहता येतं, त्याला हसता येतं, त्याची लाळ रोज सकाळी घासूनही काढता येते. हे तसं नव्हतं. तिला हसू आलं नाही, जिंकल्यासारखंही वाटलं नाही. फक्त संताप आला.

पोरीनं एक डोळा उघडला, मग दुसरा. आजोबा समोर नाहीत हे बघून ती हिरमुसली.

"आजोबांनी फू का नाही केलं?"

"त्यांना कळतं, म्हणून," सून म्हणाली. आणि नवऱ्याकडे वळून तिनं तेच पुन्हा एकदा म्हटलं.